महिरपीच्या वाकासाठी स्पिंडल सँडर घेताना

शेजारच्या काकूंना गड्ड्याच्या यात्रेआधी सागवानी देवघर हवं होतं. चौकट आणि फळ्या सहज झाल्या, पण महिरपीचे पाच वाक घासताना माझ्या बोटांची सालं निघाली. बाहेरचा गोलवा कानस आणि पॉलिश पेपरने निघतो. आतला वाक हाताने एकसारखा येत नाही. कुठे खड्डा, कुठे उंचवटा राहतो आणि पॉलिशचा पहिला हात फिरला की तो लखलखीत दिसतो. त्या देवघरानंतर मी जुळे सोलापुरातल्या माझ्या पत्र्याच्या शेडसाठी स्पिंडल सँडर शोधायला लागलो.

या मशीनमध्ये टेबलातून वर आलेला, पॉलिश पेपर चढवलेला उभा ड्रम फिरतो आणि फिरता फिरता खाली-वरही होतो. हे खाली-वर होणं महत्त्वाचं आहे. त्यामुळे पेपरचा एकच पट्टा झिजत नाही आणि लाकडावर जळकी रेघ उमटत नाही. नुसता फिरणारा ड्रम स्वस्तात मिळेल, पण सागवानावर तो तपकिरी डाग पाडतो आणि तो डाग काढायला पुन्हा हातानेच घासावं लागतं.

दुकानात जायच्या आधी आपले वाक मोजा. मी घरातल्या बांगड्या वापरतो. २.४ मापाची बांगडी म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, आतून सुमारे ५७ मिमी. ती वाकात नीट बसली तर ५१ मिमीचा ड्रम तिथे आरामात फिरेल. छोट्या मशीनबरोबर साधारण १३, १९, २६, ३८, ५१ आणि ७६ मिमीचे ड्रम असतात. वाकात मावेल तो सगळ्यात मोठा ड्रम लावायचा. बारीक ड्रमने मोठा वाक घासला तर कड लाटांसारखी होते.

आणखी एक हिशेब आहे. ड्रम कोणताही लावला तरी फेरे तेवढेच राहतात, त्यामुळे मिनिटाला २००० फेऱ्यांवर १३ मिमीच्या ड्रमची कड मिनिटाला जेमतेम ८० मीटर धावते, तर ७६ मिमीची पावणेपाचशे मीटर. म्हणजे बारीक ड्रम हळूच कापणार. तिथे जोर लावला की स्पिंडल, म्हणजे ड्रमचा दांडा, वाकतो आणि कड काटकोनात राहत नाही. तुमची बहुतेक कामं बारीक नक्षीची असतील, तर मोठ्या मोटरवर पैसे घालू नका. घरच्या कामाला साडेचारशे वॅट पुरतात.

मशीनच्या आधी स्लीव्ह बघा, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. ड्रमवर चढवायची, पॉलिश पेपरसारखी खरखरीत कापडी नळी म्हणजे स्लीव्ह. दुकानदाराला म्हणा, "सगळ्या मापांचे ८० (जाड) आणि १५० (बारीक) नंबरचे स्लीव्ह आता काढून दाखवा, मग पैसे देतो." जगावेगळ्या मापाचं मशीन कितीही स्वस्त असलं तरी सहा महिन्यांत शोभेची वस्तू होतं. ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा स्लीव्ह, मास्क आणि व्हॅक्यूमच्या पाइपसाठी बाजूला ठेवा.

मशीन चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. माझे वडील अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाशी धरून ते बिघाड ओळखायचे. मीही तेच करतो. एकसारखी घरघर चालेल, खरखर किंवा ठोका नको. मशीन बंद करून टेबलावर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) ठेवून ड्रमला लावा; गुण्या आणि ड्रममध्ये उजेडाची फट दिसली तर टेबलाचा कोन जुळवता येतो का ते बघा. टेबल सपाट आहे का ते बघायला त्यावर पोलादी पट्टी आडवी-तिरपी फिरवा. प्रत्येक ड्रमच्या मापाची चकती टेबलाच्या भोकात बसते ना, तेही तपासा. भोक मोठं राहिलं तर बारीक तुकडा आत ओढला जातो.

स्विचकडे दुर्लक्ष करू नका. लाइट जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. बटण पुन्हा दाबल्यावरच चाललं पाहिजे. माझा भाचा अमेरिकेतून मशीन आणतो म्हणाला, मी नको म्हटलं. तिकडचं मशीन ११०-१२० व्होल्टचं, इथे २३०. ट्रान्सफॉर्मर लावला तरी तिकडच्या ६० हर्ट्झची इंडक्शन मोटर आपल्या ५० वर हळू फिरते.

बजेट अगदीच कमी असेल तर उभ्या ड्रिल मशीनला रबर ड्रम लावून सुरुवात करा, पण हलक्या हाताने. ड्रिलची रचना वरून दाब घ्यायला असते, बाजूने नाही. मी महिरप जोरात रेटली तेव्हा ड्रिलच्या निमुळत्या दांड्यावरून चक (ड्रम धरणारी पकड) सुटला आणि ड्रमसकट गरगरत फरशीवर आला. पाय थोडक्यात वाचला.

घरी आणल्यावर: स्लीव्ह चढवून वरचा नट पान्याने आवळा, म्हणजे रबर फुगून स्लीव्ह पकडतं. लाकूड नेहमी ड्रमच्या फिरण्याविरुद्ध सरकवा आणि हात थांबू देऊ नका. थांबलात की तिथे खळगा पडलाच. जिगसॉच्या (वाक कापायच्या करवतीच्या) खुणा ८० ने काढा, मग १५०. पाऊण इंची फळी स्लीव्हचा खालचाच भाग खाते, म्हणून तो झिजला की टेबलावर भोक पाडलेला प्लायचा तुकडा ठेवून फळी उंच करा; वरचा कोरा भाग कामी येतो. सागाच्या तेलाने स्लीव्ह बुजतो. चालू ड्रमवर जुन्या चपलेचा क्रेप रबराचा तळ हलकेच धरा, भुसा त्याला चिकटून निघतो.

उन्हाळ्यात शेडमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हात आपोआप पंख्याच्या बटणाकडे जातो. पंखा समोरून लावू नका, सागाची बारीक धूळ थेट नाकात येते. मी तो पाठीमागे दाराच्या तोंडाशी ठेवतो, व्हॅक्यूम चालू करतो, एन-९५ मास्क लावतो आणि मगच ड्रम सुरू करतो.