लाल धूळ, काळी धूळ आणि दमट हवा : गोव्यात घराजवळची धूळ कशी मोजावी

डिचोली, सावर्डे, कुडचडे या खाणींच्या भागात पायरीवर बसते ती धूळ लाल. वास्कोत कोळसा उतरवणाऱ्या बंदराच्या अंगाला काळी. मोजायला स्वस्त लेझर सेन्सर मिळतो, पण इथे तो दोन उलट चुका करतो. दमट हवेत आकडा फुगवतो आणि खनिजवाहू ट्रकमागे उडणारी जाड धूळ कमी दाखवतो. म्हणून त्याच्या जोडीला व्हॅसलीन लावलेली काच ठेवावीच लागते.

साहित्य फार नाही: पीएमएस५००३ हा लेझर सेन्सर, आकडे वाचणारा नोडएमसीयू बोर्ड, तापमान-आर्द्रतेसाठी बीएमई२८०, मोबाइलचा चांगला चार्जर, ७५ मिमीचा पीव्हीसी एल्बो (पाइपचा वाकडा जोड), मच्छरदाणीचा तुकडा.

सेन्सरला ५ व्होल्ट द्या. ३.३ व्होल्टवर पंखा मंद फिरतो आणि आकडे निरर्थक येतात. डेटाची तार मात्र ३.३ व्होल्टचीच असते, ती बोर्डाला थेट जोडता येते. सेन्सरचा टीएक्स (डेटा पाठवणारा पिन) बोर्डाच्या आरएक्सला (डेटा घेणाऱ्या पिनला), वेग ९६०० बॉड. सुरू केल्यावर पहिल्या ३० सेकंदांचे आकडे टाकून द्या. सेन्सर पीएमचे, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचे, आकडे दोन संचांत पाठवतो (पीएम२.५ म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण, पीएम१० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे): पहिला कारखान्यातल्या प्रमाणित कणांसाठी, दुसरा बाहेरच्या हवेसाठी. दुसरा घ्या. पहिला उचलला, तर धूळ वाढल्यावर आकडा उगीच चढा दिसतो, आणि ही चूक सर्रास होते.

सेन्सर एल्बोत ठेवा आणि एल्बोचे तोंड खाली करून तो बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) छपराखाली दोन-तीन मीटर उंचीवर बसवा. तोंडाला मच्छरदाणी बांधा, नाहीतर महिन्याभरात आत कोळी घर करतो. हवा आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी ठेवा. नाहीतर सेन्सर स्वतःचीच हवा पुन्हा ओढत बसतो. चूल, अगरबत्ती आणि पाचोळा जाळायची जागा लांब हवी. खाऱ्या हवेने टाके (सोल्डरचे जोड) गंजतात, म्हणून बोर्डाच्या टाक्यांवर नेलपॉलिशचा हात फिरवा, पण सेन्सर आणि बीएमई२८० यांना ते अजिबात लावू नका.

आता ओलाव्याचा प्रश्न. मिठाचे व इतर कण पाणी शोषून फुगतात, लेझरला ते मोठे दिसतात. धुके तर तो सरळ धूळ म्हणूनच मोजतो. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की त्या नोंदीवर खूण करा आणि सरासरीत धरू नका. पावसाळ्यात यंत्र बंद ठेवलेलेच बरे. डिसेंबर-जानेवारीत आतल्या भागात पहाटे आकडा उसळतो, तेव्हा आधी आर्द्रता पाहा. मात्र बहुतेक रात्री अशा गाळल्या गेल्या तर उरते ती दिवसाची सरासरी. तिला २४ तासांची म्हणू नका.

जाड कणांचे दुखणे वेगळे. खनिजाचा जड कण छोट्या पंख्याने आत ओढलाच जात नाही, त्यामुळे पीएम१० चा आकडा बराचसा बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. पीएम२.५ वर त्यापेक्षा जास्त भरवसा ठेवा. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत २४ तासांची मर्यादा पीएम२.५ साठी ६० आणि पीएम१० साठी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ट्रक गेल्यावर मिनिटभर दिसलेला २०० चा आकडा तिच्याशी ताडू नका.

जाड धुळीसाठी सूक्ष्मदर्शकाच्या तीन काचांवर व्हॅसलीनचा पातळ थर द्या. दोन रस्त्याकडेच्या बाजूला आणि एक घराच्या मागे, २४ तास आडव्या ठेवा. मग पांढऱ्या कागदावर धरून दहापट भिंगातून पाहा. कोळशाचे कण काळे, कोनदार, कधी चकाकणारे; काजळी मऊ, गुठळ्यांची. लाल कण पाहून लगेच खाणीकडे बोट दाखवू नका. आपली जांभ्याची मातीही लालच, रंगावरून फरक कळत नाही. मागच्या काचेपेक्षा पुढच्या काचांवर कण किती जास्त, ते मोजा. वाहतूक बंद असलेल्या दिवशी पुन्हा काचा लावा.

नोंदवहीत तासागणिक वाऱ्याची दिशा लिहा. कोरड्या दिवसांत दुपारी खारे वारे, रात्री-पहाटे मतलई वारे; आकडा कोणत्या वाऱ्याबरोबर चढतो त्यावरून धूळ कुठल्या अंगाने येते ते उमगते.