फोर्टची फेरी: गाईड कसा निवडायचा आणि कुठून कुठे चालायचं

मुंबईच्या फोर्टमध्ये किल्ला दिसत नाही. १८६०च्या दशकात तट पाडले गेले आणि मागे राहिली ती नावं: चर्चगेट, बझारगेट, रॅम्पार्ट रो. म्हणूनच हा भाग नुसता बघत फिरलं तर देखण्या दगडी इमारतींपलीकडे हाती फारसं काही लागत नाही. तटाची रेषा कुठून कुठे जायची हे कळलं, की प्रत्येक इमारत जिथे आहे तिथेच का उभी राहिली तेही कळतं. गाईड ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा: "तट कुठे होता ते चालता चालता दाखवाल का?" या प्रश्नावर जो अडखळेल, तो तुम्हाला सनावळ्या ऐकवील, शहर दाखवणार नाही.

गेटवेपाशी "गाईड पाहिजे का?" म्हणत अनेक जण पुढे येतात. पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का ते बघा आणि चार गोष्टी आधीच बोलून घ्या: दर माणशी की गटाचा, वेळ किती, प्रवेशशुल्क कोण भरणार आणि माहिती कोणत्या भाषेत. मराठीत हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर अर्धी फेरी इंग्रजीत जाते. गट बारा-पंधरा जणांपेक्षा मोठा नको. दादाभाई नौरोजी रोडवरच्या हॉर्नच्या गदारोळात गाईडचा आवाज तिसऱ्या रांगेच्या मागे पोचत नाही. गट मोठाच असेल तर कानाला लावायचे हेडसेट मिळतील का ते विचारा.

बहुतेक लोक सकाळची वेळ घेतात. हवा गार असते हे खरं, पण इथल्या बऱ्याच मोठ्या इमारतींचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. सकाळी राजाबाई टॉवरची ओव्हल मैदानाकडची बाजू सावलीत असते आणि फोटोत टॉवर काळा येतो. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शनिवारी किंवा रविवारी दुपारी साडेतीनला सुरुवात करणं उत्तम. साधारण साडेतीन किलोमीटर चाल आणि थांबे धरून अडीच-तीन तास लागतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर परतताना ऑफिस सुटण्याच्या गर्दीत सापडाल. सुट्टीच्या दिवशी मात्र काही इमारती आतून बघायला मिळत नाहीत, तेव्हा कुठे आत जाता येईल हे आधी विचारून घ्या.

सुरुवात गेटवे ऑफ इंडियापासून. तिथल्या आवारात बॅगा तपासतात, म्हणून सामान कमीच ठेवा. जॉर्ज विटेटने आराखडा केलेली ही बेसॉल्टची कमान १९२४ साली पुरी झाली. २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिशांची शेवटची पलटण इथूनच जहाजावर चढली. फोटो काढून लगेच छापून देणारे भेटतील. एका प्रतीचे किती आणि एकूण किती प्रती, हे आधी ठरवा.

तिथून काळा घोडा. घोड्यावर बसलेल्या एडवर्ड सातव्या या ब्रिटिश राजाचा मूळ पुतळा आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. इथे २०१७पासून उभा आहे तो बिनस्वाराचा घोडा. शेजारचा रॅम्पार्ट रो म्हणजे तटाच्या कडेचा रस्ता. पुढे ओव्हल मैदान. तोफांच्या माऱ्यासाठी तटाबाहेर मोकळी ठेवलेली जमीन होती, तिचाच हा उरलेला तुकडा. मैदानाच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला तट पडल्यावर उभ्या राहिलेल्या, टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती, पश्चिमेला समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवरची, विसाव्या शतकातल्या आर्ट डेको शैलीची घरं. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली जागतिक वारसा यादीत आल्या. इथे पंधरा मिनिटं तरी द्या. घाईचे गाईड नेमकी हीच जागा गाळतात.

मग फ्लोरा फाउंटन. १८६४चं हे कारंजं ज्या जागी आहे, तिथेच तटाचा चर्चगेट हा दरवाजा होता. पश्चिमेकडे तोंड केलंत तर रस्ता चर्चगेट स्टेशनकडे जातो. पाठीमागे, पूर्वेला, ज्या चर्चमुळे दरवाजाला हे नाव मिळालं ते १७१८चं सेंट थॉमस कॅथीड्रल. दरवाजा गेला, चर्च आणि स्टेशन राहिलं. बाजूलाच हुतात्मा स्मारक आहे: मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर २१ नोव्हेंबर १९५५ला इथे गोळीबार झाला. गाईड नुसतं बोट दाखवून पुढे निघाला तर त्याला थांबवा आणि सविस्तर सांगायला लावा.

हॉर्निमन सर्कलला एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे जुन्या टाउन हॉलच्या, पायऱ्यांपाशी टेका, पाणी प्या. पलीकडे नौदलाची गोदी आहे. तिच्या फाटकाकडे कॅमेरा वळवू नका.

शेवट सीएसएमटीला, सूर्य मावळायच्या सुमारास. डिसेंबरात तो सहाच्या आसपास मावळतो. आधी फाटकाच्या दोन खांबांवर बघा: एकावर सिंह, तो ब्रिटनचा, दुसऱ्यावर वाघ, तो भारताचा. मग भुयारी मार्गाने महापालिकेच्या बाजूला जा. रस्ता वरून ओलांडण्याचा प्रयत्न करू नका. तिथून स्टेशनची पूर्ण इमारत एका नजरेत मावते आणि अंधार पडल्यावर दिवे लागलेले दिसतात.

एलिफंटा याच दिवशी जोडायचा मोह टाळा. गेटवेहून लाँच एका बाजूला तासभर घेते, वर शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, आणि लेणी सोमवारी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच सुटतही नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी धक्क्यावर चौकशी करा.