टोमॅटोच्या आकारावर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

नाशिक परिसरात राहून टोमॅटोच्या फळाच्या आकाराचे आनुवंशशास्त्र हा एम.एस्सी.चा विषय घेणाऱ्यांना मेंडेलचे नियम नव्याने सांगण्याची गरज नाही. ओव्हेट या जनुकाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण माझी सर्वाधिक ओढाताण तिथेच झाली आणि तिचा सल अजून गेलेला नाही.

दुसऱ्या गुणसूत्रावरील या जनुकात एकच अक्षर बदलते, प्रथिनाची साखळी अर्ध्यावर थांबते आणि फळ लांबट होते, हे 2002 पासून ज्ञात आहे. तेवढ्यावर विसंबून नवखा विद्यार्थी लांबट व गोल वाणांचा संकर करतो, दुसऱ्या पिढीत तीन गोल फळांच्या झाडांस एक लांबट फळांचे हे प्रमाण शोधतो आणि ते जुळत नाही. बदललेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती असूनही काही झाडांना चक्क गोल फळे लागतात. अशा वेळी डीएनए किंवा त्याचे तुकडे वेगळे करून दाखवणाऱ्या जेलला दोष देऊ नये. दहाव्या गुणसूत्रावरील ओएफपी 20 या जनुकाचे कार्यही मंदावलेले असेल, तरच फळाला नाशपतीसारखी मान येते. म्हणून दोन्ही जनुकांचे मार्कर, म्हणजे डीएनएवरील ओळखखुणा, पहिल्या दिवसापासून तपासावेत. ज्येष्ठांची तयार प्रायमर-यादी (मार्कर तपासण्यासाठी लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची यादी) डोळे झाकून वापरणे हा आडमार्ग मला मुळीच मान्य नाही. घाबरू नका, न जुळणारे प्रमाण हाही निष्कर्षच असतो.

पिंपळगाव बसवंतच्या बाजारातील जाळीतली फळे नमुना म्हणून कदापि घेऊ नका. ती कोणत्या झाडाची, कितव्या घडाची, हे कळत नाही. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत धरलेल्या कळ्यांतून जास्त कप्प्यांची, वेडीवाकडी फळे येतात आणि तो परिणाम फळातील कप्पे वाढवणाऱ्या फॅसिएटेड जनुकाचा समजला जातो. आपल्यासोबत वाफ्यात उतरणारा मार्गदर्शक मिळाला, तर असे घोटाळे लवकर उमगतात. शोधनिबंधांची संख्या पाहून मार्गदर्शक निवडू नये.

मोजमाप सोपे आहे. फळ देठापासून टोकापर्यंत उभे कापून स्कॅनरवर ठेवावे आणि लांबी-रुंदीचे गुणोत्तर काढावे. त्याआधी, फूल उमलण्याच्या दिवशी अंडाशयही मोजावे, कारण ओव्हेटचा परिणाम तेव्हाच दिसू लागतो, तर फळ लांबट करणाऱ्या सन या दुसऱ्या जनुकाचा मुख्य परिणाम फलधारणेनंतर होतो. केवळ पिकलेली फळे मोजली, तर लांबटपणा या दोहोंपैकी कशाचा, हे सांगता येत नाही.