खांद्याचा टेंडन शिवल्यानंतर हात पूर्ववत कसा करावा

फाटलेला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, हाडाला शिवला, तरी तो हाडाशी पक्का जुळून यायला साधारण 12 आठवडे लागतात. दुखणं मात्र त्याच्या बरंच आधी ओसरतं आणि घात तिथेच होतो. बरं वाटतंय म्हणून फळीवरचा डबा काढायला हात उचलला जातो, शिवणीवर ताण येतो. म्हणून दुखण्यावर जाऊ नका, आठवडे मोजा.

पहिले 4 ते 6 आठवडे हात झोळीत. बोटं आणि मनगट मात्र पहिल्या दिवसापासून हलवा. कोपराचं आधी विचारून घ्या, कारण बायसेप्सलाही (दंडाच्या पुढच्या स्नायूलाही) टाके घातले असतील तर कोपर स्वतःच्या जोरावर वाकवायचं नसतं. रात्री पाठीशी उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपा आणि कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, म्हणजे हात मागे लोंबकळणार नाही. सदरा घालताना आधी ऑपरेशनचा हात घाला, काढताना तो शेवटी काढा.

डॉक्टरांनी हो म्हटलं की लंबकाचा व्यायाम. हा बहुतेक जण चुकीचा करतात. चांगला हात टेबलावर टेकवा, कमरेतून वाका, दुसरा हात दोरीसारखा सैल सोडा. हात फिरवायचा नाही. अंग हळूच झुलवायचं, हात आपोआप झुलतो. खांदा कानाकडे चढू लागला तर स्नायू जोर लावतोय असं समजा. थांबा, श्वास सोडा, पुन्हा सैल व्हा. काख धुवायलाही हीच पद्धत सोयीची.

साधारण 6 आठवड्यांनी उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरा आणि चांगल्या हाताने दुसऱ्याला वर न्या. ते सहज जमू लागलं की हात स्वतःच्या बळावर उचलायचा. रबरी पट्ट्याचे व्यायाम बहुधा 12 आठवड्यांनंतर, जड कामं 6 महिन्यांच्या आसपास. पूर्ण ताकद यायला वर्षही लागतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

व्यायामात ओढ जाणवणं ठीक. दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर आदल्या दिवशी जास्त झालं, तेवढं कमी करा. ताप, जखमेतून पू, बोटं बधिर होणं, पोटरी सुजणं किंवा हातातली ताकद अचानक जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणही न थांबता दवाखाना गाठा.

सांधा बदलला असेल किंवा फाट मोठी असेल तर हे वेळापत्रक बदलतं. घरी जाण्यापूर्वी सर्जनकडून कोणती हालचाल कोणत्या तारखेपर्यंत बंद, हे कागदावर लिहून घ्या आणि तोच कागद फिजिओथेरपिस्टला दाखवा.