ताट शिकवताना या चुका टाळा

मोठ्या माणसांना संतुलित आहार शिकवायला बसलं की एक गोष्ट हटकून विसरली जाते: समोरच्या काकू तीस वर्षं रोज घरादाराचा स्वयंपाक करत आल्या आहेत. डाळ कशाला म्हणतात हे त्यांना सांगायचं नसतं. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-उसळ, मध्ये पोळी आणि वरण-भात, वर लिंबाची फोड. आपल्या ताटात अन्नगट आधीपासूनच मांडलेले आहेत. बिघडलंय ते प्रमाण. भात वाढत गेला, डाळ पातळ होत गेली आणि कोशिंबीर चमचाभर उरली. बचत गटांच्या बैठकांमध्ये हे शिकवताना दिसलेल्या चुका इथे लिहिते आहे. त्यातल्या काही माझ्याही हातून झाल्या आहेत.

तक्ता लावला आणि काम झालं असं समजणं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० किलोकॅलरींच्या एका दिवसासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली आणि तेल-तूप २७ ग्रॅम असा हिशेब आहे. तक्ता चांगलाच आहे, पण वर्गातल्या कुणाच्याही घरी भाजी ग्रॅमवर शिजत नाही. शिवाय हे वजन कच्च्या धान्याचं आहे, ही गोष्ट सांगायची राहून जाते. मग कुणीतरी शिजलेला भात वजनकाट्यावर ठेवतं आणि ‘एवढ्यात पोट कसं भरायचं?’ असं विचारतं. प्रश्न बरोबरच असतो, कारण तांदूळ शिजला की त्याचं वजन अडीच-तीन पट होतं.

म्हणून आकडा लगेच घरच्या मापात आणा. अडीचशे ग्रॅम धान्य म्हणजे सकाळी दोन मुठी पोहे आणि दोन्ही जेवणांत मिळून चार पोळ्या, दोन छोट्या वाट्या भात, साधारण एवढंच. तेलाचं तर महिन्यावर मोजलेलं बरं. चार प्रौढ माणसांच्या घरी तूप धरून महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास. घरी पिशव्या किती येतात हे प्रत्येकीला तोंडपाठ असतं, त्यामुळे चमच्यांवरून वाद घालावा लागत नाही.

‘रोज वरण असतं ना?’ एवढंच विचारणं

असतं, सगळ्यांकडे असतं. विचारायचं ते हे की कुकरला कोरडी डाळ किती लावता आणि जेवणारी माणसं किती. वर्गात बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘एक वाटी, पाच जणांना.’ छोट्या वाटीत साधारण सव्वाशे ग्रॅम डाळ मावते. म्हणजे माणशी पंचवीस ग्रॅम. दोन्ही वेळा केलं तरी पन्नास. हा भागाकार तुम्ही फळ्यावर करू नका, त्यांनाच करू द्या. स्वतः काढलेला आकडा त्या घरी जाऊन सांगतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पुढचा सल्ला ‘डाळ वाढवा’ इतका मोघम नको. वरणात पाणी कमी घाला, आठवड्यातून तीन दिवस मटकी, मूग, चवळीची उसळ करा. पिठलं आणि झुणकाही डाळीतच मोजा, कारण बेसन म्हणजे हरभऱ्याची डाळच. हे ऐकून दरवेळी कुणाचा तरी चेहरा उजळतो. बुधवार, शुक्रवार, रविवारी ज्यांच्याकडे अंडी, मासे किंवा मटण होतं, त्यांनी उरलेल्या चार वारांची आखणी आधी करावी. खड्डा तिथेच असतो.

बटाट्याला भाजी म्हणणं

‘आज भाजी केली होती का?’ ‘हो, बटाट्याची.’ उत्तर खरं आहे, प्रश्न चुकला. भाषेत बटाट्याची भाजी भाजीच, ताटात मात्र ती भात-पोळीच्या बाजूला जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते, त्यातही बटाटा धरलेला नाही. ज्वारी, बाजरी, नाचणीचंही असंच. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून नाचणीचे लाडू आणि आंबील जेवणावर वरून घेतलं जातं. नाचणी उत्तमच, पण ती धान्य आहे. ती पोळीच्या जागी यावी.

भाजीचं प्रमाण शिकवताना मोठी उडी मारायला लावू नका. चौघांच्या घरी एका वेळेला पाव किलो भाजी येत असेल, तर तक्त्यातला आकडा ऐकून माणसं गप्प होतात आणि पुढच्या वर्गाला येत नाहीत. पाव किलोची अर्धा किलो करा आणि डावी बाजू वाढवा, एवढंच आधी सांगा. चमचाभर कोशिंबिरीची वाटीभर कोशिंबीर: काकडी, गाजर, कोबी, मुळा, जे स्वस्त असेल ते. डावी बाजू म्हणजे लोणचं-पापड नव्हे, हे स्पष्ट सांगा, नाहीतर मीठच वाढतं. लिंबाची फोड शोभेची समजू नये. पालेभाजीवर पिळली की त्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा ते कमी करतो.

उपवासाचा दिवस सोडून देणं

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. काही घरांत महिन्यातले सहा-सात दिवस उपवासाचे असतात आणि आपण आखणी करताना ते धरतच नाही. उपवास सोडा म्हणू नका, तो तुमचा अधिकार नाही. साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काही नसतं. त्याऐवजी भगर आणि दाण्याची दाट आमटी, सोबत दही, काकडीची कोशिंबीर, एखादं फळ, आणि घरात चालत असेल तर लाल भोपळ्याची भाजी. ताट पुन्हा उभं राहतं.

मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना मात्र हे सरसकट प्रमाण देऊ नका. त्यांचं त्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरू द्या.

शेवटी जेवणारीला न विचारणं

सगळं पटलं, मापं जमली, तरी बाईचं स्वतःचं ताट बदलत नाही, असं फार वेळा होतं. ‘ताई, करते सगळं. माझ्यापर्यंत येईतो उसळ संपलेली असते.’ मग तिच्या ताटात उरलेली पोळी, भात आणि लोणचं. इथे प्रमाणाची माहिती कामाला येत नाही, वाढण्याची रीत बदलावी लागते. ती तिच्या एकटीच्या बळावर बदलत नाही, म्हणून एका वर्गाला तरी नवऱ्यांना आणि सासूबाईंना बोलवा. पातेलं पानावर नेण्याआधीच घरात जितकी माणसं तितक्या वाट्या मांडायच्या आणि उसळ, वरण, कोशिंबीर एकदमच वाढायची. तिची वाटी तिथेच ओट्यावर, झाकून.