डावं कुणाचं, उजवं कुणाचं? लेझीम शिकवणाऱ्यांनो, या चुका टाळा

शिवजयंतीची मिरवणूक जवळ आली की बेळगावात आणि आसपासच्या गावांत लेझमीचा सराव सुरू होतो, आणि दरवर्षी मला तेच दृश्य दिसतं. शिकवणारा पोरांकडं तोंड करून उभा. तोंडानं म्हणतो "उजवा", आणि स्वतःचाही उजवाच पाय टाकतो. निम्मी पोरं ऐकून उजवीकडं जातात, निम्मी त्याचं बघून डावीकडं. मग ओरडा सुरू, "लक्ष कुठंय तुमचं?" लक्ष तिथंच असतं. एका वेळी दोन उलट हुकूम मिळाले तर मुलांनी कुठला पाळायचा?

ही चूक मी स्वतः केलेली आहे. चाळीसेक मुलांची तुकडी पंधरा दिवसांत उभी करायची घाई होती. रोज समोर उभा राहून शिकवलं. मैदान ऐसपैस, त्यामुळं कोण कुठं जातंय ते झाकून गेलं. मिरवणुकीत अरुंद गल्लीचं वळण आलं, मी मुलांकडं वळून हातानं खूण केली आणि दोन रांगा एकमेकींत घुसल्या. सहावीतल्या मुलीच्या भुवईवर लेझमीचा दांडा बसला. तीन टाके पडले. तिची आई मला एक शब्दही बोलली नाही, ते अजून जात नाही मनातून.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. समोरच्याचं डावं-उजवं ओळखताना आपण मनातल्या मनात आपलंच शरीर फिरवून त्याच्या जागी नेऊन उभं करतो. माणूस थोडासाच तिरका असेल तर उत्तर पटकन येतं. साधारण साठ अंशांच्या पुढं वेळ वाढत जातो आणि अगदी समोरासमोर सगळ्यात जास्त लागतो. आपलं धड आधीच त्या बाजूला वळलेलं असेल तर उत्तर लवकर येतं, म्हणजे या कामात अंगाचाही वाटा आहे. आणि हे चालू असताना स्वतःची नजर काही बंद होत नाही, ती मध्ये येतच राहते.

मेंदूत जागेचे दोन हिशेब चालतात. एक स्वतःच्या अंगावरून, माझ्या डाव्या हाताला काय आहे याचा. दुसरा जागेचा, आपण कुठंही तोंड केलं तरी न बदलणारा. या दुसऱ्या हिशेबाचा माग मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणी आणि जागेचं भान सांभाळणाऱ्या भागात, लागला. पुढं मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी त्यात भर घातली आणि २०१४ साली तिघांना नोबेल मिळालं. एका हिशेबातून दुसऱ्यात जायला मेंदूला क्षणभर लागतो. हलगीचा ठेका तेवढा क्षण देत नाही.

म्हणून पहिले आठ दिवस मी मुलांकडं पाठ करून उभा राहतो. बघायला आलेल्या पालकांना ते बरं वाटत नाही, न वाटू दे. तोंड करून शिकवायचंच असेल तर "उजवा" म्हणताना स्वतःचा डावा टाकायला हवा, आणि ते अंगात मुरायला मला महिना गेला. दोन दिवसांत मास्तर व्हायला निघालेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

मुलांच्या उजव्या मनगटाला फीत बांधा, पण तेवढ्यानं काम झालं समजू नका. सात-आठ वर्षांखालच्या पोराला स्वतःचं डावं-उजवं कळतं, समोरच्याचं नाही. त्यासाठी त्याला रागावणं हा अन्याय आहे.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती जागेची खूण. "वडाकडं पाऊल", "देवळाकडं हात". बेळगावजवळच्या येळ्ळूरला तर राजहंसगड किल्ला डोळ्यांसमोर असतो. वड कुणाच्याही बाजूनं वडच. अट एवढीच की मिरवणूक पुढं सरकते आणि वड मागं राहतो, म्हणून शेवटचे चार दिवस डाव्या-उजव्यावर यावंच लागतं.

चिकोडी-अथणीकडं उसाच्या हंगामात हाच घोळ ट्रॉलीमागं होतो. मागं उभा गडी ड्रायव्हरकडं तोंड करून "डावीकडं घे" म्हणतो. त्याचं डावं की ड्रायव्हरचं? त्यात रिव्हर्समध्ये ट्रॉली स्टिअरिंगच्या उलट वळते. "विहिरीकडं घे" म्हणा. कन्नडमध्ये एडक्के (डावीकडं), बलक्के (उजवीकडं) म्हणूनही घोळ तोच राहतो.

पत्ता सांगताना "चन्नम्मा चौकातून डावीकडं" एवढंच सांगू नका, कुठून येताना तेही सांगा.

रील बघून पावलं शिकू नका. सेल्फी कॅमेऱ्यात बाजू कित्येकदा उलटी दिसते, आणि उलटं बसलेलं पाऊल सुटायला नव्यानं शिकण्याहून जास्त दिवस जातात.

पाठ करून शिकवण्यात एक अडचण आहे, मागचं दिसत नाही. त्यासाठी शेवटच्या रांगेमागं एक जाणती मुलगी उभी करा. कोण चुकलं ते ती नावानं सांगेल, आणि तुम्हाला वळून बघावं लागणार नाही.