निळा शैलकस्तूर की निळ्या टोपीचा? मुंबईत ओळखायचं कसं

निळा शैलकस्तूर आणि निळ्या टोपीचा शैलकस्तूर, हे दोन्ही पक्षी मुंबईचे हिवाळी पाहुणे, साधारण ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल. फील्ड गाइडमध्ये ते एकाच पानावर असतात, पण बसायच्या जागा वेगळ्या. म्हणून रंग नंतर, आधी पक्षी कुठे बसलाय ते बघा.

कान्हेरी लेण्यांचा उघडा कातळ, किल्ल्याची पडकी भिंत, गच्चीचा कठडा. तिथे ताठ बसलेला, मध्येच अंग झुकवणारा बहुतेक निळा शैलकस्तूर. निळ्या टोपीचा झाडीतला. संजय गांधी उद्यानात किंवा कर्नाळ्याला सावलीतल्या पायवाटांवर शोधा. पाचोळ्यावर उतरून किडा टिपतो, खालच्या फांदीवर परततो आणि गप्प बसतो, शेपटी तेवढी सावकाश वरखाली. दचकला तर झाडात शिरतो.

नर सोपे. निळ्या टोपीच्याचं डोकं आणि गळा निळा, डोळ्यावर काळी पट्टी, पोट आणि शेपटीचं मूळ विटकरी, पंखावर पांढरा डाग. हा डाग सावलीतही दिसतो. दुसरा जवळपास सगळाच निळा, पण हिवाळ्याच्या सुरुवातीला पिसांच्या फिकट कडांमुळे मळकट वाटतो. कडा झिजतील तसा निळा खुलतो. मागून ऊन असलं की काळाच दिसतो, मग लोक शीळकरी कस्तूर लिहून मोकळे होतात. शीळकरी अंगाने मोठा, कपाळ नि खांदा चकचकीत निळा, आणि त्याला ओढा लागतो. अशा उजेडात फोटो काढताना एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, नाहीतर हाती फक्त काळी आकृती येते.

खरी डोकेदुखी माद्यांची. दोघींच्याही पोटावर खवल्यांसारखी नक्षी, त्यामुळे नुसतं ‘खवले होते’ याला अर्थ नाही. खवल्यांमागचा रंग बघा. निळ्या टोपीच्या मादीचं पोट पांढुरकं, त्यावर गडद चंद्रकोरी ठळक उठतात. पाठ एकसारखी मातकट-हिरवट तपकिरी. निळ्या शैलकस्तुराची मादी खालून मळकट पिवळसर, तिच्या खुणा आडव्या नि दाट. पाठीच्या तपकिरीत राखी-निळी झाक, चोच लांब. आकार शेवटी: निळा शैलकस्तूर साधारण 20 ते 23 सेंमी, निळ्या टोपीचा 17 ते 19, पण एकट्या पक्ष्यावर हा फरक कळत नाही.

पाठीवरही ठळक खवले असतील तर दोन्ही नावांबद्दल शंका घ्या. सावलीत फक्त पाठ दिसली असेल तर नोंदीत ‘शैलकस्तूर, जात अनिश्चित’ एवढंच लिहा.